रविवारचा फॉल्ट

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९.

नवी वही. दोनशे पानी, रेघांची. फक्त गाडीसाठी. यात दुसरं काही लिहायचं नाही.

कारण: आमची डिझेल फोर बाय फोर १२ डिसेंबरला पंधरा वर्षांची होते. त्यापुढे रस्त्यावर ठेवायची तर तपासणीला नेऊन पास करून आणावी लागते. लेकीने, गीतांजलीने, अट घातली आहे. गाडी स्वतःच्या चाकांवर गेली आणि पास होऊन आली, तर ठेव. नाहीतर कर्जतच्या रोहनला द्यायची. हा रोहन तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा भाऊ. जुन्या जीपगाड्या घेऊन नीट करण्याचा त्याला नाद आहे. संधी एकच. मी म्हटलं, एक पुष्कळ झाली.

ऑगस्टमध्ये पाम बीच रोडवर गाडी बंद पडली आणि मी दीड तास एकटी उभी होते, तेव्हापासून गीतांजली माझ्याशी मी के.जी.त असल्यासारखी बोलते.

फॉल्टचं स्वरूप: कधी येतो, कधी येत नाही. एप्रिलपासून. कधी सेल्फ लागत नाही. कधी हॉर्न आपोआप वाजतो. कधी इंडिकेटर दिला की वायपर चालू. दोन-तीन दिवसांनी सगळं आपोआप ठीक. मेकॅनिकसमोर उभी केली की पाहुण्यांसमोरच्या मुलीसारखी वागते.

भावनेचा प्रश्न नाही, हे आधीच लिहून ठेवते. ही नवऱ्याची, धर्मराजची, गाडी म्हणून मला हवी, असं गीतांजलीला वाटतं. तसं काही नाही. उंच गाडी आहे, लांबचं दिसतं. गुडघ्यांना बरी पडते. म्हणजे चढताना नाही, बसल्यावर.

शनिवारचं सकाळी सातला उरकलं. ती घरगुती बाब आहे, तिचा इथे संबंध नाही. एकदाच लिहिते, म्हणजे परत लिहायला नको. धर्मराज दर शनिवारी गाडीपुढे नारळ फोडायचा आणि पाणी बॉनेटवर, चाकांवर शिंपडायचा. गाडी आली त्या दिवसापासून, तो गेला त्याच्या आदल्या शनिवारपर्यंत. मी हे मानत नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बेनेडिक्टांच्या हाताखाली दहा वर्षं काढली आहेत. पण तो गेल्यापासून दोन वर्षं चालू ठेवलंय. एप्रिलमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी जयप्रकाश यांनी नोटीस लावली की पार्किंगमध्ये नारळ फोडू नये, फरशी चिकट होते. रास्त आहे. स्वच्छतेच्या बाबतीत मी सेक्रेटरींच्या बाजूने असते. आता नारळ स्वयंपाकघरात फोडते, पाणी तांब्यात घेते, चिमूटभर हळदकुंकू, आणि बॉनेट उघडून आतल्या आत सोडते. फरशीवर एक थेंब पडत नाही. आत डाव्या हाताला एक काळी चौकोनी पेटी आहे. तिच्या झाकणावर तांब्या, फूल आणि खोबऱ्याचा तुकडा छान राहतो. कंपनीने पाटच दिल्यासारखा.

आजचा फॉल्ट: नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ८.१०.

सेल्फ नाही. किल्ली फिरवली की नुसतं टक्. बारा वेळा टक्. शाळेतली इंग्रजी प्रार्थना म्हणून तेराव्यांदा फिरवली. टक्.

उद्या कोजागिरी. म्हणजे खाडीला मोठी भरती. हवेत खार वाढतो आणि वायरींना चढतो. एप्रिलपासून हे कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. निदान झालं. दुसऱ्याच दिवशी. बाजारात रिक्षाने गेले.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

वाशीहून मल्टिमीटर आणला. पिवळा, दोन वायरी, एक लाल, एक काळी. दुकानदाराने विचारलं कोणासाठी. मी म्हटलं, माझ्यासाठी. मग तो मला बॅटरी कशी मोजायची ते समजावायला लागला. त्याला मी सांगितलं नाही की मी तीस वर्षं शिक्षिका होते. इंग्रजीची, हे खरं, पण देशमुख बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या तेव्हा आठवी ब ला एक टर्म फिजिक्स मीच शिकवलं. ओहमचा नियम अजून पाठ आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

बॅटरी १२.६. उत्तम. पहिल्याच सेल्फला चालू. नेरूळ स्टेशनपर्यंत जाऊन आले. गाडी मल्टिमीटरला घाबरली असावी.

वर्गातसुद्धा हेच. छडी वापरावी लागत नाही, टेबलावर दिसली पाहिजे.

११ ऑक्टोबर, शनिवार.

शनिवारचं उरकलं. फॉल्ट नाही. चार दिवस एकसारखी. गीतांजलीला फोन करून सांगितलं की विषय जवळजवळ संपला. ती म्हणाली, आई, आज फक्त अकरा ऑक्टोबर आहे. स्वभाव बापावर गेला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १.

सिग्नलला उभी. हॉर्न आपोआप सुरू. पुढे ट्रॅफिक हवालदार. त्यांनी वळून पाहिलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले की मी वाजवत नाही. ते जवळ आले. हॉर्न चालूच. त्यांनी विचारलं, आजी, घाई आहे का. मी म्हटलं, मला नाही, गाडीला आहे. ते बिचारे हसले आणि बाकीच्या गाड्या थांबवून मला आधी सोडलं. या अर्थाने फॉल्टचा उपयोगही आहे.

पण भरती नव्हती. कोष्टक पाहिलं. भरतीचा परिणाम उशिरा होत असणार. सहा दिवसांनी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

जुईनगरच्या भगवान ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. पन्नाशीचा, शांत माणूस. करंट बघायचा टेस्ट लॅम्प कानावर अडकवून फिरतो. त्याने सगळे दिवे, हॉर्न, सेल्फ पाहिले. सगळं चालू. अर्थातच. तो म्हणाला, "मॅडम, असा येतो-जातो फॉल्ट देवासारखा असतो. बोलावला की येत नाय. तुमी एक काम करा, कदी येतो, आदल्या दिवशी काय झालं होतं, सगळं लिवून ठेवा. मग बगतो मी."

मी म्हटलं, मी आधीच लिहिते आहे. त्याच्या चेहऱ्यावर आदर दिसला. अशा व्यावसायिक माणसांशी माझं पटकन जमतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

भगवानसाठी वहीची स्वच्छ प्रत काढली. फुलस्केपवर, लाल रेघ मारून. तारीख, वेळ, हवामान, भरती, किलोमीटर, व्होल्ट, फॉल्ट. ‘आदल्या दिवशी काय झालं’ या रकान्यात काय लिहावं कळेना. भाजी आणली, बँकेत गेले, असलं काय लिहायचं? शनिवारचं तर घरगुती. परक्या माणसाला नारळ-कुंकवाचं कशाला. तो रकानाच काढून टाकला. आता तक्ता कसा देखणा दिसतो.

१९ ऑक्टोबर, रविवार. रात्री.

काल शनिवार आणि धनत्रयोदशी एकत्र. म्हणून दोन नारळ. आज इंडिकेटर दिला की वायपर. वायपर बंद केला की हेडलाइट. शेवटी हात बाहेर काढून वळले, जसं धर्मराजने शिकवलं होतं. पाम बीच रोड नवा होता तेव्हा त्याने मला तिथे जुन्या गाडीवर चालवायला शिकवलं होतं. शेजारी बसून एक शब्द बोलायचा नाही, फक्त लवंग चघळायचा. बिडी सोडली, तिच्या जागी लवंग. मी गिअर चुकवला की चघळणं थांबायचं. तेवढ्यावरून कळायचं.

हे गाडीचं नाही. पण त्याचा गाडीशी संबंध आहे, म्हणून राहू दे.

नवा संशय: जयप्रकाश यांची इलेक्ट्रिक गाडी. शेजारीच चार्जिंगला लागते. हवेतून करंट खेचत असेल का?

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

जयप्रकाश यांना विचारलं. त्यांनी नम्रपणे सांगितलं की चार्जर दोन महिन्यांपूर्वी बसवला, आणि तुमचा फॉल्ट एप्रिलपासूनचा आहे ना, काकी. मुद्दा बरोबर होता. चार्जरवरचा संशय मागे घेतला. जयप्रकाश यांच्यावरचा नाही.

काल पाडव्याला एक तांब्या जादा. आज भावाकडे रिक्षाने.

१ नोव्हेंबर, शनिवार.

भगवान तक्ता वाचून घरी आला. सकाळी दहाला. तोपर्यंत माझं उरकलेलं होतं आणि तांब्या-फूल वर नेलेलं होतं. कोणी घरी यायचं तर मी आधी आवरून ठेवते.

बॉनेट उघडून त्याने पहिल्यांदा ती काळी पेटीच उघडली. तो म्हणाला हा फ्यूजबॉक्स, सगळ्या गाडीचा करंट इथून जातो. मी म्हटलं, हो, माहीत आहे. माहीत नव्हतं. आत सगळं हिरवं आणि ओलं. त्याने चिमट्याने काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. खोबऱ्याचा किस.

मी म्हटलं, उंदीर. या भागात उंदीर फार झालेत.

भगवानने अजून एक तुकडा काढला, उजेडात धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, उंदीर खोबरं खातो. त्याला कुंकू लावत नाय."

मी म्हटलं, गंज लाल असतो.

तो म्हणाला, असतो. मग त्याने एक तास बसून सगळं पुसलं, कनेक्टर घासले, कसला तरी स्प्रे मारला. जाताना सांगितलं, झाकणावर काय ठेवू नका, पानी तर अजिबात नको. मी म्हटलं, अर्थातच. कोण ठेवतं.

चांगला कारागीर आहे. पण उंदरांच्या बाबतीत त्याचा अभ्यास कमी पडतो.

५ नोव्हेंबर, बुधवार. कार्तिकी पौर्णिमा.

भर पौर्णिमा, मोठी भरती. फॉल्ट नाही. सिद्धान्ताला थोडा धक्का. अंगात कणकण.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

ताप. गीतांजली येऊन कामोठ्याला, तिच्या घरी, घेऊन गेली. तिच्या छोट्या गाडीतून. त्या गाडीत बसलं की रस्ता आपल्या खालून जातो असं वाटत नाही, आपणच रस्त्याच्या खालून जातोय असं वाटतं.

१० नोव्हेंबर, सोमवार. कामोठे.

अंथरुणातच. परवाचा शनिवार चुकला. दोन वर्षांत पहिल्यांदा. डोळा लागला होता, उठले तर साडेनऊ. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात.

गीतांजली रात्री पायांना तेल लावते. लावता लावता रोहनचं बोलत होती. चांगला मुलगा आहे म्हणे, गाडी घराबाहेर उघडी ठेवत नाही, शेड बांधली आहे. मी म्हटलं, शेड गुरांना असते.

२० नोव्हेंबर, गुरुवार. घरी.

दोन आठवड्यांनी गाडीत बसले. पहिल्याच सेल्फला चालू. हॉर्न गप्प, वायपर गप्प, दिवे शिस्तीत. वाशीला जाऊन आले, परत येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने.

निष्कर्ष: गाडीला विश्रांती हवी होती. पंधरा वर्षं म्हणजे गाडीच्या वयात माझ्याएवढीच. आता वर्षातून एकदा दोन आठवडे हवापालट.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

पुन्हा उत्तम. तपासणीला तीन आठवडे. गीतांजलीला सांगितलं, रोहनला कळवून टाक की शेडमध्ये दुसरी गाडी बघ. ती म्हणाली, बारा तारखेनंतर बघू.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

दोन शनिवार चुकले होते. आज तिन्हींचं एकदम.

झाकणावर ठेवू नका असं भगवान म्हणाला होता, म्हणून तांब्या झाकणावर ठेवला नाही. हातातच धरला.

२३ नोव्हेंबर, रविवार.

टक्.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

आज सगुणा सकाळीच आली. धर्मराजची थोरली बहीण, सत्तरीची, गावठाणात राहते, आणि अजून कोणाचंही न ऐकता चालत येते. मासळी घेऊन आली होती. मी खाली पार्किंगमध्ये बॉनेटपुढे. तिने मागून पाहिलं. मला कळलंच नाही ती उभी आहे ते. पाणी सोडून झालं, तेव्हा तिने पिशवी खाली ठेवली.

"आगो वयनी," ती म्हणाली, "नैवेद्य तोंडाला दावतान. तू तं त्याचे पोटान पानी वतते. मंग तो खोकनार नाय तं काय करनार?"

मी तिला सोसायटीची नोटीस समजावून सांगितली. ती म्हणाली, नोटीस फरशीची, तुझी अक्कल कुठं गेली. कॉन्व्हेंटमध्ये काय शिकवलं तुला. मी म्हटलं, स्वच्छता. मग तिने विचारलं, माझा भाऊ असा वतायचा का? मी म्हटलं, नाही, तो बाहेर वतायचा. माझ्या तोंडून ‘वतायचा’ गेलं. सगुणाबरोबर पाच मिनिटं बोललं की जातं.

ती बोंबील देऊन गेली. बोंबील ताजे होते. बाकी बोलण्यात काही तथ्य नाही.

३० नोव्हेंबर, रविवार.

टक्.

दुपारी वही पहिल्यापासून वाचून काढली. पाच, बारा, एकोणीस. तेवीस, तीस. मध्ये दोन आठवडे नाही. सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, आधी निरीक्षण, मत नंतर. निरीक्षण उत्तम झालंय. अक्षरही चांगलं आहे.

मत अजून बनवलेलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार.

भगवानला पुन्हा बोलावलं. त्याने पुन्हा सगळं सुकवलं. मग झाकणाच्या कडेने काळी टेप गुंडाळली आणि टेपवर खडूने फुली मारली. अशिक्षित माणसाला विजेच्या खांबावर धोक्याची खूण काढून दाखवतात, तशी.

संकल्प: १२ डिसेंबरपर्यंत शनिवारचं बंद. कोणी म्हणालं म्हणून नाही. प्रयोग म्हणून. विज्ञानात याला कंट्रोल म्हणतात.

६ डिसेंबर, शनिवार. सकाळी ७.२०.

केलं नाही.

सात वाजता खाली गेले मात्र. सवयीने पाय गेले. रिकाम्या हाताने बॉनेटपुढे उभं राहणं विचित्र दिसतं. वॉचमन बघत होता. म्हणून आत जाऊन बसले. ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या सीटवर. मी नेहमी तिथे बसायचे. पंधरा मिनिटं काय करायचं ते कळेना. मग समोरचा खण आवरला. टायरच्या हवेच्या जुन्या पावत्या, एक मोडका चष्मा, कागदाच्या पुडीत सात लवंगा. लवंगा टाकल्या नाहीत. लवंग टिकते.

शनिवारी सकाळी सातला बायका काय करतात? कोणाला तरी विचारलं पाहिजे.

७ डिसेंबर, रविवार.

पहिल्याच सेल्फला.

८, ९, १० डिसेंबर.

चालू. चालू. चालू. काल पनवेलपर्यंत. मल्टिमीटर लावला तर १४.२, पुस्तकात लिहिल्यासारखा. गीतांजलीचा आवाजसुद्धा मऊ झालाय. ती म्हणाली, आई, पास झाली तर पहिली फेरी आपण दोघी मारू. मी म्हटलं, झाली तर काय, झालीच. कुठे जायचं ते ठरवलंय, अलिबागला. तिथे वाळूत रुतलेली गाडी बाबांनी चारही चाकांच्या जोरावर कशी काढली होती ते तिला आठवतं. मला वाटलं विसरली असेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ६.४०.

तपासणी नऊला. भगवान आठला येऊन सोबत येतो म्हणाला. गीतांजली अर्धी रजा काढून थेट तिथे.

आजचा दिवस मोठा आहे. परीक्षेच्या दिवशी कोणी मुलाला नुसतं पाठवत नाही, दह्याचा थेंब तरी हातावर देतात. आज शनिवार नाही, शुक्रवार आहे, त्यामुळे संकल्प मोडला असं होत नाही. एकच चमचा. खोकल्याचं औषधसुद्धा यापेक्षा जास्त असतं. टेप सोडवली नाही. जराशी वर केली.

१२ डिसेंबर. दुपारी ३.

जाताना ठीक गेली. मी चालवली, भगवान शेजारी. रांगेत आमच्या पुढे सहा गाड्या. तपासणारे साहेब तरुण, चांगले बोलणारे. गाडी छान ठेवली आहे म्हणाले. ब्रेक पास, धूर पास. मग त्यांनी सांगितलं हेडलाइट लावा. मी लावले. हॉर्न वाजायला लागला. ते म्हणाले, मॅडम, हॉर्न नको, लाइट. मी लाइट बंद केले. हॉर्न चालूच. वायपर सुरू. साहेब म्हणाले, गाडी बंद करा. मी गाडी बंद केली आणि किल्ली काढून त्यांना दाखवली. किल्ली माझ्या हातात होती आणि हॉर्न वाजत होता. रांगेतले सगळे उतरून आले. भगवानने बॉनेट उघडून फ्यूज उपटला, तेव्हा थांबला. नंतर सेल्फ नाही. टक् पण नाही.

साहेबांनी समजावून सांगितलं की दुरुस्त करून पुन्हा आणा, काही हरकत नाही. त्यांना आमच्या घरातली अट माहीत नव्हती.

गीतांजली तोपर्यंत आली होती. ती बॉनेटपाशी गेली. भगवान बाजूला झाला, टेस्ट लॅम्पची वायर उगीच गुंडाळत राहिला. तिने फ्यूजबॉक्सचं झाकण उचलून पाहिलं आणि आपल्या ओढणीने आतलं पाणी टिपायला लागली. हळूहळू, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग तिने ओढणी पिळली.

एका चमच्याने ओढणी पिळावी लागत नाही, हे मला कळतं. तांब्या जरा कलला होता.

ती म्हणाली, "आई, तुला माहीत होतं ना?"

मी म्हटलं, आज हवेत दमटपणा फार आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. ती म्हणाली, हो, आहे दमट. आणि माझा हात धरून मला सावलीत नेऊन बसवलं. ओढणीला कुंकवाचा डाग पडला होता. धुतला तरी जाणार नाही.

मी म्हटलं, मग शनिवारी मी काय करू?

खरं तर मी हे म्हणायला नको होतं. गाडीच्या विषयात बसत नाही.

१३ डिसेंबर, शनिवार.

नोंद नाही. गाडी भगवानकडे सुकते आहे.

अट म्हणजे अट. गीतांजली म्हणाली होती, हवं तर अजून एकदा नेऊ. मीच नको म्हटलं. पुन्हा नेली तरी त्या दिवशीही सकाळ असणार.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी.

रोहन येऊन गाडी घेऊन गेला. तिशीचा, दाढीवाला, पायात चप्पल. आधी गाडीखाली झोपून बघितलं, मग माझ्या पाया पडला. क्रम चुकला, पण मुलगा चांगला आहे. भगवानने गाडी आणून उभी केली होती. मी फुलस्केपचा तक्ता रोहनला दिला. त्याने रस्त्यावरच उभं राहून सगळा वाचला. म्हणाला, काकू, असा रेकॉर्ड मी कंपनीतसुद्धा पाहिला नाही. मी म्हटलं, सवय आहे.

कागदांवर सह्या झाल्यावर त्याने विचारलं, "काकू, अजून काही आहे का गाडीचं, मला माहीत असायला हवं असं?"

भगवान माझ्याकडे बघत होता. गीतांजली बघत नव्हती.

शनिवारचं सांगितलं आणि त्याने ते चालू ठेवलं, तर गाडी बिघडणार. नाही सांगितलं तर ते तिथेच संपणार. मी बराच वेळ लावला. रोहनला वाटलं ऐकू आलं नाही, त्याने पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "रविवारी सकाळी जरा त्रास देते. तेवढं सांभाळून घे. बाकी काही नाही."

तो म्हणाला, रविवारी? का? मी म्हटलं, स्वभाव.

गाडी वळणावरून गेली तेव्हा त्याने इंडिकेटर दिला. नुसता इंडिकेटरच लागला.

२० डिसेंबर, शनिवार.

सवयीने नारळ आणला होता. वड्या केल्या. सगुणाकडे अर्ध्या पाठवल्या, जयप्रकाश यांच्याकडे चार. जयप्रकाश यांनी मोकळ्या पार्किंगचं विचारलं. दुसरी गाडी घ्यायचा विचार आहे म्हणे. मी सांगितलं, लेखी अर्ज करा.

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१५.

रोहनचा फोन. इतक्या सकाळी म्हणून मी घाबरले. तो म्हणाला, मुद्दाम रविवारचा केला काकू, तुम्हाला काळजी असेल म्हणून. हा तिसरा रविवार. तिन्ही रविवारी पहिल्याच सेल्फला. फोन गाडीजवळ धरून त्याने मला इंजिनचा आवाज ऐकवला. आवाज स्वच्छ होता. कुठे अडखळ नाही. त्याने तक्त्यावर विश्वास ठेवून सगळं वायरिंग तपासलं म्हणे, काही सापडलं नाही. काकू, हिला काही झालेलंच नाही, असं तो म्हणाला.

मी म्हटलं, वा, छान.

फोन ठेवला. चहा केला.

एकदाही नाही. निदान एखाद्या रविवारी तरी अडायची.